एकास पाच हजार

रिक्षावाल्याला म्हटलं, हळू घ्या, मांडीवर पुणं आहे.
त्यानं आरशातून बघितलं.
माउंटबोर्डचं, फोमचं, सन दोन हजार ऐंशीचं पुणं,
वर जुनी चादर, कडेनं सेलोटेप.
"पर्वती आली का यात?"
आलीय की. सुपारीएवढी.
पुढच्या स्पीडब्रेकरला मुठेवरचा एक पूल निखळला.
शाल्मली शेजारी फेव्हिक्विक उघडून तयारच होती.

मी महापालिकेत ट्रेसर. छत्तीस वर्षं,
यंदाच्या मे महिन्यापर्यंत.
निर्णय वरचे घेत, रेषा मी ओढायचो.
बागेला हिरवा द्यायचो. बाग व्हायचीच असं नाही,
पण रंग सपाट, कुठं डाग नाही.

प्रोजेक्ट लागला तेव्हा रात्री दोनला मला उठवलं हिनं.
"बाबा, इथं दोन्ही बाजूंनी उतार आहे.
मग पाणी कुठं जातं?"
म्हटलं, झोप आता.

कुठं जातं, मला माहीत होतं.
एक्याण्णव साली साहेबांनी नकाशा परत पाठवला,
कोपऱ्यात पेन्सिलीनं दोनच शब्द:
ओढा दिसतो.
ट्रेसिंगवरची शाई रबरानं जात नाही.
ब्लेड मधोमध मोडायचं, अर्धं घ्यायचं,
आडवं धरून खरवडायचं, फुंकर मारायची,
मग नखाच्या पाठीनं कागद घोटायचा.
चार मिलिमीटर रुंद, सव्वा हात लांब.
डबा खायच्या आत झालं.
भरली वांगी होती त्या दिवशी.

पुढं तिथं प्लॉट पडले, जरा स्वस्तात.
आमची सोसायटी त्यातलीच.
दर ऑगस्टला पार्किंगमध्ये घोटाभर पाणी.
सेक्रेटरी मीच, म्हणून मोटरही मीच लावतो.
सभासद बिल्डरला शिव्या घालतात.
मीही घालतो.

तिसऱ्या रात्री सांगितलं तिला.
ती काही बोलली नाही. कटर पुढं केला.
"कुठून कुठं, ते दाखवा."
हात कापत होता, पण वळणं आठवत होती:
पिंपळाच्या बुडाशी डावीकडे,
गवळ्याच्या गोठ्यामागून सरळ,
मग एकदम घाईनं नदीकडे,
शाळा सुटल्यासारखा.
मी बोट फिरवत गेलो, मागून तिनं कापलं.
चांगलं खोल कापलं.

ज्यूरीत दारूवाला मॅडम वाकून बघत राहिल्या.
"बाकी ठीक. पण ह्या ओढ्याला आधार काय?
कुठल्याच शीटवर नाही हा."
मी दाराबाहेर चादरीची घडी घालत होतो.
शाल्मलीनं माझ्याकडे बोट केलं.
आत जाताना मी चपला काढल्या, उगाचच.
काय बोललो, नीट आठवत नाही.
"साहेब" हा शब्द फार वेळा आला, ती म्हणते.
एकानं विचारलं, ते ट्रेसिंग आता कुठंय?
म्हटलं, असेल. उजेडाला धरलंत तर
तेवढी पट्टी जरा पातळ दिसेल.

मार्क बरे पडले. पुलाचे कापले.

परतताना सिग्नलला चादर वर करून
मी आपली बिल्डिंग शोधायला लागलो.
तांदळाच्या दाण्याएवढी तरी असायला हवी होती.
चष्मा कपाळावर चढवून पाहिलं, खाली घेऊन पाहिलं.
"नाहीये, बाबा. काठ आहे तिथं. लोक बसलेत."
लोक म्हणजे मोहरीचे दाणे.
पुढं दांडेकर पूल येईपर्यंत गप्प होती,
मग म्हणाली, "सॉरी."

मॉडेल आता कपाटावर आहे, झुरळांपासून जपून.
काल रात्री अडीचला वॉचमनची हाक आली.
खाली गेलो. मोटर दोनदा खोकली, मग लागली.
पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून
मी त्या गार, गढूळ पाण्यात उभा राहिलो.
आमच्या स्कूटरच्या चाकाला वळसा घालून
ते नेमकं त्याच बाजूला ओढ घेत होतं.
पंचावन्न वर्षं, म्हटलं त्याला.
जरा दम धर.